कॉम्प्युटरचे मार्क

दहिवलीच्या आमच्या घराला आधी वरची खोली नव्हती. ती माझ्यासाठी बांधली. हे सांगितलं की लोक म्हणतात, नशीबवान होतीस गं. मीही तेव्हा तसंच म्हणत असे, कारण दुसरं काही म्हणणं कृतघ्नपणाचं झालं असतं. गच्चीच्या अर्ध्या भागावर आप्पांनी विटांच्या भिंती उभ्या करून घेतल्या, वर पत्रा घातला, आणि उन्हाळ्यात माझा कॉम्प्युटर तापायला नको म्हणून पत्र्याखाली पांढरं छत मारून घेतलं. सुताराकडून भिंतभर लांब टेबल करून घेतलं. खिडकी मोठी ठेवली आणि तिला जाड गज बसवले, माकडं येतात म्हणून. माकडं खरंच यायची, त्यामुळे त्या गजांबद्दलही काही बोलता येत नव्हतं. जिना खाली थेट स्वयंपाकघरात उतरायचा. म्हणजे मला बाहेर जायचं असेल तर आईच्या पाठीमागून आणि पुढे पडवीत खुर्ची टाकून बसलेल्या आप्पांच्या समोरून जावं लागे. आप्पा विचारायचे, "कुटं गं?" त्यात राग नसायचा. पण उत्तर द्यावंच लागायचं, आणि उत्तर देताना आपल्याला जायचंच कशाला, असं माझं मलाच वाटायला लागायचं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, खोपोलीच्या एका कागद कारखान्यात आयुष्यभर पाळ्या करून नुकतेच घरी बसले होते. आमचं मूळ शेतीचं घर, थोडी भातशेती उरलेली, ती दुसऱ्याला कसायला दिलेली. इतकी वर्षं ते घरात फक्त झोपायला यायचे. दिवसपाळी असो की रातपाळी, आम्ही बहिणी चपला हातात घेऊन घरात वावरायचो. आता ते जागे होते, दिवसभर घरी होते, आणि त्यांना आपल्या माणसांची सोबत हवी होती. नेमकी तेव्हा घरात मुलींपैकी मी एकटीच उरले होते. माझी मोठी बहीण, ताई, पुण्याला नोकरीला गेली आणि तिथून पुढे परदेशात. तिने काही वाईट केलं नव्हतं. भांडण नाही, पळून जाणं नाही, मनाविरुद्ध लग्न नाही. ती फक्त हळूहळू विरळ झाली. आधी दर शनिवारी यायची, मग गणपतीला, मग फोनवर. आप्पा फोन कानाला लावून पडवीच्या टोकाला जायचे, "आवाज येतोय का गं? येतोय का?" करत राहायचे, आणि फोन ठेवल्यावर आईला सांगायचे, "बरी हाय." एकदा शेजारच्या काकांनी विचारलं, थोरली कुठे असते हल्ली? आप्पा म्हणाले, "ती फोनात राहायला गेली." काका हसले. आप्पा हसले नाहीत.

म्हणून पुणे हा शब्द आमच्या घरात कुणी फारसा काढायचा नाही. पण ऐकू यायचा. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या नदीपलीकडच्या कर्जत स्टेशनात थांबतात, घाट चढायला त्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. ती लागताना होणारा धक्का, मग शिट्टी, मग पुढच्या इंजिनाची उत्तराची शिट्टी, हे सगळं नदी ओलांडून माझ्या वरच्या खोलीत यायचं. दुपारी भातगिरणी बंद असली तर फार स्पष्ट. मी टेबलाशी बसून ऐकायचे आणि गाडी पळसदरीच्या वळणाला लागली असेल असा अंदाज बांधून पुन्हा जुन्या लॅपटॉपवरच्या कामाला लागायचे.

काम म्हणजे इमारतींची चित्रं. आमच्या भागात तेव्हा डोंगराच्या पायथ्याला जिकडेतिकडे बंगल्यांच्या वसाहती निघत होत्या, आणि बांधायच्या आधीच गिऱ्हाइकाला बंगला दाखवावा लागायचा: भिंतीवर पडलेलं ऊन, अंगणातला चाफा, खिडकीत उडणारा पडदा. हे सगळं कॉम्प्युटरवर करायचं मी खोपोलीच्या एका क्लासात शिकले होते. आप्पा मला मोटरसायकलवरून सोडायचे आणि क्लास सुटेपर्यंत समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहायचे. खालापूरला आत्याकडे एकदा मी एकटी एसटीने गेले, तर प्रत्येक थांब्यावर त्यांचा फोन. "आता कुटं आलीस?" बाजूची बाई म्हणाली, "नवरा का?" मी म्हटलं, "वडील." ती म्हणाली, "मग बरं."

मला पुण्याच्या एका कंपनीने घेतलं, तेव्हा हे सगळं एका अटीवर येऊन अडकलं. त्यांचं म्हणणं असं: ऑफिसात येऊन काम करायचं तर आमचं मशीन, राहायची सोय आम्ही बघू, घरून करायचं तर तुमच्या मशीनने आमची चाचणी पास केली पाहिजे. एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी पाठवला होता. तो चालवायचा, तो स्वतःच एक अवघड चित्र रंगवायला घेतो आणि शेवटी मशीनला गुण देतो. गुण सहा हजारांच्या वर हवेत. खाली आले तर पुण्याला यायचं. निकालाचं चित्र आणि मशीनची सगळी माहिती ठरलेल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायची. मी हे घरात सांगितलं तेव्हा आप्पांनी फक्त दुसरा भाग ऐकला. "म्हंजे चांगला कॉम्प्युटर असंल तर जायला नको?" मी म्हटलं, "नको." त्यांच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांनी उजेड बघितला, आणि त्याच क्षणी आपल्या हातून काहीतरी निसटलं असं मला वाटलं.

सुटे भाग खोपोलीच्या एका दुकानातून आले. दुकानदार, नितीनभाऊ, सज्जन माणूस. मी लिहून नेलेला एकेक भाग त्याने मुंबईहून मागवून दिला. जोडणी मी घरी केली. आप्पा मागे स्टुलावर बसून बघायचे. प्रोसेसर जागेवर ठेवताना मी श्वास रोखला की तेही रोखायचे. मेमरीच्या दोन पट्ट्या खाचेत बसल्या तेव्हा 'टक्' आवाज झाला, तर ते दचकून म्हणाले, "मोडलं?" खरं सांगायचं तर ते दिवस मला आवडले. आई मधूनच वर यायची, तांदळाच्या भाकरीवर सुकटीची चटणी ठेवून, आणि माझे हात गुंतलेले म्हणून घास भरवून जायची. यंत्र पहिल्यांदा सुरू झालं, पंख्यांचे निळे-जांभळे दिवे लागले, तेव्हा तिने हळदकुंकू आणून पेटीला लावलं आणि माझ्या कपाळालाही लावलं. मला आणि मशीनला मिळून एकदमच ओवाळलं, म्हणा ना.

आता पुण्यात माझ्या ऑफिसात नवं मशीन आलं की मुलं तासाभरात चाचण्या उरकून कामाला लागतात. कोणी मागे स्टूल टाकून बसत नाही. ती मुलं मला विचारतात, स्वतः जोडलेलं पहिलं मशीन कसलं होतं हो तुमचं? मी भागांची नावं सांगते. बाकीचं सांगत नाही.

तर चाचणीचा दिवस. सकाळीच आप्पांनी अंघोळ करून स्वच्छ सदरा घातलेला. मी प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर चौकोन-चौकोनाने एक चित्र भरत गेलं, पंखे जोरात फिरायला लागले, आणि शेवटी आकडा आला: पाच हजार सातशेच्या थोडा वर.

"पास?" आप्पांनी विचारलं.

"नाही. सहा हजार पाहिजेत."

"परत घे."

परत घेतली. तेवढेच. खिडकी उघडली, पंखा मशीनकडे वळवला, बाकी सगळं बंद केलं, पुन्हा घेतली. पाच-पंचवीस इकडे किंवा तिकडे.  आतून मला तर उड्या मारायच्या होत्या. खोटं का बोलू? माझ्या मनाने तेवढ्यात बॅग भरली होती. कोणाला न दुखावता, काही न मागता, एका आकड्याने मला मोकळं केलं होतं. आप्पांना मी म्हणू शकले असते, आपण केलं ना सगळं, आता काय करणार? आणि ते मला स्वतः स्टेशनवर सोडायला आले असते.

पण आप्पा हार मानणारे नव्हते. माझ्याच फोनवर त्यांनी मला शोधायला लावलं, हेच भाग वापरून दुसऱ्यांना किती गुण मिळतात ते. मिळत होते सहा हजारांच्या वर. सगळ्यांना. "मग आपल्याला कमी कशाला?" ते म्हणाले. कॉम्प्युटरला ते एव्हाना शाळेतल्या पोरासारखं वागवायला लागले होते. शेजारच्यांचं पोर पास आणि आपलं नापास, हे त्यांना सहन होईना. मी मशीनची माहिती दाखवणारा तक्ता उघडला. आप्पा मेमरीचा रिकामा डबा हातात घेऊन माझ्या खांद्यावरून वाकले. डब्यावर छापलं होतं छत्तीसशे. पडद्यावर होतं तेराशे तेहतीस.

"ह्ये काय? छत्तीसशे बोलून तेराशेचा माल दिला?"

मला त्याच क्षणी कळलं. तक्त्यात मेमरीचा वेग निम्मा दाखवतात, तो दुप्पट करून वाचायचा. पण दुप्पट करूनही तो छत्तीसशे होत नव्हता. नवीन मशीन जोडलं की मेमरी आपणहून सावध, कमी वेगाने चालते. तिला तिच्या पूर्ण वेगाने चालवायचं तर मशीन सुरू होताना आतल्या सेटिंगमध्ये जाऊन एक पर्याय चालू करावा लागतो. जोडणीच्या गडबडीत ते राहून गेलं होतं. माल खरा होता. नितीनभाऊने काही केलं नव्हतं. एक कळ दाबायची, एक ओळ बदलायची, आणि ते तीनशे गुण कुठे गेले ते सापडणार होतं.

मी काही बोलायच्या आतच आईने खालून हाक मारली, "जेवाया या गं आदी!" जेवायला वालाचं बिरडं होतं, माझ्या आवडीचं. आप्पा जेवत नव्हते, बोलत होते. चाळीस वर्षं कारखान्यात काढली, कुणी फसवलं नाही, आणि हा टिकलीएवढा दुकानदार फसवतो? जेवण झालं की आताच्या आता खोपोलीला जातो, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर डबा आपटतो. आई म्हणाली, "आवो, उन्हाचं कुटं जाता?" ते म्हणाले, "तू गप ऱ्हा." मी बिरड्याचे वाल एकेक करून खात होते. बोलले तर मशीन पास होणार होतं आणि मी त्या वरच्या खोलीत राहणार होते, कदाचित आयुष्यभर. नाही बोलले तर एका निर्दोष माणसाला भर बाजारात शिव्या बसणार होत्या. वाल संपले. आप्पांनी हात धुतले, खुंटीवरची मोटरसायकलची किल्ली घेतली, डबा पिशवीत घातला.

"आप्पा, थांबा," मी म्हटलं. "माल बरोबर आहे. सेटिंग राहिलंय."

आम्ही पुन्हा वर गेलो. मी मशीन बंद करून सुरू केलं, सुरू होतानाच कळ दाबून आतल्या सेटिंगच्या पानावर गेले, मेमरीचा पर्याय चालू केला आणि जतन करून बाहेर पडले. पडदा काळा झाला. पंखे फिरले, थांबले. पुन्हा फिरले, पुन्हा थांबले. वेग बदलला की मेमरीला जुळवून घ्यायला थोडा वेळ लागतो, हे मी वाचलेलं होतं. पण काळ्या पडद्यासमोर बसल्यावर वाचलेलं काही आठवत नाही. आप्पांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. आई जिन्यात उभी होती. त्या काळ्या पडद्यात मला आम्ही तिघंही दिसत होतो. आणि मला एकदम असं वाटून गेलं की हा पडदा असाच राहिला तर किती बरं होईल. मग तो उजळला.

घाईघाईत वेग वाढवला की मेमरी कधी चुका करते, म्हणून मी आधी तिची तपासणी लावली. ती बराच वेळ चालली, चूक एकही निघाली नाही. मग कंपनीचा प्रोग्रॅम लावला. चौकोन भरत गेले. आकडा आला: सहा हजार एकशे चार.

आप्पांनी टाळी वाजवली. मी त्यांना तसं टाळी वाजवताना कधी बघितलं नव्हतं, आमच्या दहावी-बारावीच्या निकालालासुद्धा नाही. "फस्टक्लास!" ते म्हणाले, आणि खाली जाऊन पडवीतून शेजारच्या काकांना ओरडून सांगितलं, "पास झालं! पोरगी हितंच ऱ्हाणार!" काकांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मी टेबलाशी बसले होते. खिडकीतून कडक ऊन गजांसकट टेबलावर पडलं होतं. माझं काम मी नीट केलं होतं, मशीन आता जसं चालायला हवं तसं चालत होतं, आणि मला रडू येत नव्हतं.  आई माझ्याजवळ आली. तिने आकड्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. मग खाली गेली.

खाली काय झालं ते मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकलं. आई आप्पांशी कधी मोठ्याने बोलायची नाही, तेव्हाही बोलली नाही. ती म्हणाली, "तिला इचारलंत का?"

"काय इचारायचं? पास झालं ना."

"मशीन पास झालं. तिला इचारलंत का?"

"घरी बसून पगार मिळतोय. खोली बांधून दिली. तिला काय कमी हाय? कदी रडली का ती?"

"रडत नाय म्हणून बरी हाय, असं नसतंय," आई म्हणाली. "थोरली पण रडली नव्हती."

 स्वयंपाकघरात चहाची भांडी वाजली. मी खाली उतरले. आता नाही उतरले तर कधीच उतरणार नाही, हे मला कळत होतं. आप्पा पडवीत त्यांच्या खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि त्यांनी "कुटं गं?" विचारायच्या आधीच बोलले.  "आप्पा, मशीन चांगलं आहे. तुम्ही सगळं चांगलं केलंत. पण मला पुण्याला जायचंय. मशीन पास झालं तरी जायचंय."

"मग ह्ये कशाला बांधलं?" ते म्हणाले. त्यांनी वर बोट केलं, खोलीकडे.

 तुम्ही बांधलंत, मी सांगितलं नव्हतं, असं उत्तर होतं. ते देता येण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "मी दर शनिवारी येईन."

"ती बी आसंच बोलली व्हती."

"मी ती नाही, आप्पा."

ते उठले, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर निघून गेले. मी आईकडे बघितलं. तिने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पी. गार हुईल." आम्ही दोघी पडवीत बसून चहा प्यालो.  आप्पा नदीच्या बाजूला गेले होते की नाक्यावर, ते मला आजही माहीत नाही. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

ऊन उतरलं तशी मी वर जाऊन कंपनीला पाठवायचा मेल लिहायला घेतला. निकालाचं चित्र जोडलं, मेमरीचा तक्ता जोडला. मजकूर मात्र पुढे सरकेना. दोन ओळी लिहायच्या, खोडायच्या. जिन्यावर पावलं वाजली. आप्पा वर आले. स्टुलावर बसले नाहीत, दारात उभे राहिले. पाय धुऊन आले होते, पायांचे ओले ठसे जिन्यावर उमटले होते.

"पाठवलंस?"

"नाही अजून."

"काय लिवलंस? वाच."

"इंग्रजीत आहे."

"मराठीत सांग."

मी पडद्याकडे बघतच सांगितलं. "माझं मशीन तुमच्या चाचणीत पास झालं आहे, निकाल सोबत जोडला आहे. तरीही शक्य असेल तर मला पुण्याच्या ऑफिसात येऊन काम करायला आवडेल."

खालून आईने कुकर लावल्याचा आवाज आला. आप्पा भिंतीला टेकले. नव्या रंगाचा पांढरा डाग त्यांच्या सदऱ्याला लागला असेल, असा अगदी बिनकामाचा विचार माझ्या मनात आला.

"परत वाच."

मी परत सांगितलं.

"ते मदलं काय? शक्य असंल तर?"

"हो."

"ते कशाला?"

"तसं लिहायची पद्धत असते."

"काढ ते," आप्पा म्हणाले. "मागायचं तर नीट माग."

मी ते शब्द खोडले आणि मेल पाठवला.